नाशिकची कॅम्पर व्हॅन, काझ्याची थंडी: पाण्याची यंत्रणा गोठण्यापासून वाचवण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिककरांच्या हिशेबात पाणी गोठतं ते फ्रीजमध्ये. थंडीची लाट आली की निफाडकडे पारा चार-पाच अंशांवर, कधी त्याच्याही खाली येतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि गोठलेल्या दवाचे फोटो मोबाइलवर फिरतात. पण गच्चीवरची टाकी किंवा बाथरूममधला पाइप थंडीनं फुटल्याचं इथे कुणी ऐकलेलं नसतं. त्यामुळे इथला प्लंबर पाइप टाकताना गळतीचा विचार करतो, दाबाचा करतो, उन्हाचा करतो. गोठण्याचा विचार त्याच्या कामात कधी आलेलाच नसतो, आणि यात त्याची चूक काही नाही.

हे प्रकरण अंबडच्या औद्योगिक वसाहतीत छोटं मशीनिंग युनिट चालवणाऱ्या एका गृहस्थांचं आणि त्यांच्या शिक्षिका पत्नीचं आहे. इथे त्यांना दादा आणि वहिनी म्हणू. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांनी एक ट्रॅव्हलर व्हॅन घेऊन सातपूरच्या फॅब्रिकेटरकडून तिची कॅम्पर करून घेतली. आत बाकाखाली ९० लिटरची पाण्याची टाकी, १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप, एक काडतुसाचा फिल्टर, १० लिटरचा गिझर, ओट्यावर सिंक, छोटं न्हाणीघर, आणि मागच्या दाराशी पाय धुवायला बाहेरचा शॉवर. वापरलेल्या पाण्याची टाकी चासीखाली, उघड्यावर. पाइप घरात वापरतात तेच, सीपीव्हीसीचे, सोल्युशननं चिकटवलेले. कोकण, सापुतारा, हंपी अशा सहलींत या सगळ्यानं उत्तम साथ दिली.

मग दोघांनी ठरवलं, जानेवारीत हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यात, काझ्याला जायचं. हिवाळ्यात मनालीकडून काझ्याला जाता येत नाही, कुंझुम खिंड बर्फानं बंद असते. म्हणजे सिमला, नारकंडा, रामपूर, कल्पा, नाको, ताबो असा किन्नौरचा रस्ता. काझा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे आणि जानेवारीच्या रात्री तिथे पारा उणे २० च्याही खाली जाऊ शकतो.

अडचण

पाणी गोठताना साधारण ९ टक्क्यांनी फुगतं, हे शाळेत शिकलेलं असतं. पण पाइप नेमका कसा फुटतो, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे निर्णय कळणार नाहीत. अर्धी भरलेली टाकी सहसा फुटत नाही, बर्फाला वर सरकायला जागा असते. फुटतो तो दोन टोकं बंद असलेला पाइपचा तुकडा. मध्ये कुठेतरी बर्फाचा बूच तयार होतो, तो वाढत जातो आणि बूच ते बंद नळ यांच्यामध्ये अडकलेलं पाणी दाबत राहतो. म्हणून तडा पुष्कळदा बर्फ झालेल्या जागी पडतच नाही, दोन हात पुढे एखाद्या एल्बोत किंवा नळाच्या पोटात पडतो. आणि तो लगेच दिसतही नाही. बर्फ असेपर्यंत सगळं घट्ट असतं, गळतं ते वितळल्यावर.

दादांच्या व्हॅनमध्ये अशा जागा भरपूर होत्या. पाइपला कुठेही उतार दिलेला नव्हता, कारण पंप असल्यावर उताराची गरज कुणाला? सर्वांत खालच्या जागी पाणी सोडायचा कॉक नव्हता. गिझरचं आत जाणारं आणि बाहेर येणारं पाणी थेट जोडलेलं, मधून वळसा घालून गिझर वगळायची सोय नाही. पंपाच्या डोक्यात झडपांमागे थोडं पाणी नेहमीच राहतं. फिल्टरचं भांडं तर भरलेलंच असतं. सिंक आणि न्हाणीच्या खाली वास अडवणारे यू आकाराचे सापळे, त्यांचं कामच पाणी धरून ठेवण्याचं. त्यात सीपीव्हीसी थंडीत ठिसूळ होतो. पेक्स या लवचीक प्लॅस्टिकच्या पाइपासारखा थोडा ताणून परत जागेवर येत नाही.

दादांनी हे फॅब्रिकेटरसमोर मांडलं तेव्हा तो म्हणाला, “दादा, टाकी रिकामी करून निघा ना. पाणीच नाही तर गोठेल काय?” टाकी रिकामी करणं आणि यंत्रणा रिकामी करणं यात केवढं अंतर आहे, ते पुढे घेतलेल्या रंगीत तालमीत दिसलं.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय वहिनींच्या वडिलांनी सुचवला. त्यांची निफाडकडे द्राक्षबाग आहे. “जावईबापू, आम्ही थंडीच्या रात्री ड्रिप चालू ठेवतो. वाहतं पाणी गोठत नाही चटकन.” सूचना अनुभवातली होती आणि विहिरीच्या कोमट पाण्यावर बागेत ती चालतेही. पण व्हॅनमधलं ते वाहतं पाणी जाणार कुठे? चासीखालच्या टाकीत, म्हणजे सर्वांत थंड जागी. शिवाय ९० लिटर पाणी रात्रभरात बारीक धारेनंही संपतं. “मामा, तुमची विहीर सोबत नेता आली असती तर केलं असतं,” असं म्हणून दादांनी तो सोडून दिला.

दुसरा पर्याय दादांना मनापासून हवा होता: यंत्रणा भरलेलीच ठेवायची आणि गाडी आतून गरम राखायची. डिझेल हीटर बसवायचाच होता. त्याच्या गरम हवेचा एक फाटा टाकीच्या बाकाखाली सोडायचा, पाइपांना फोम गुंडाळायचा, खालच्या टाकीला गरम होणारी पट्टी लावायची. कागदावर हे सुंदर दिसतं. त्यांच्याशी बोलताना मी एवढंच सुचवलं की हीटर बंद पडला तर पुढे काय काय बंद पडतं, ते एका खाली एक लिहून काढा. हीटरला सुरू व्हायला बॅटरी लागते. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, ती शून्याखाली चार्ज करता येत नाही, तिचं नियंत्रण सर्किटच चार्जिंग तोडतं. म्हणजे बॅटरी गरम राहायला हीटर हवा आणि हीटर चालायला बॅटरी. वर उंचीवर हवा विरळ, तिथे साधे डिझेल हीटर इंधन नीट जाळत नाहीत, काजळी धरतात. एक कडी निसटली की पाच-सहा तासांत पाइप गोठणार, आणि तेही रात्री, सगळे झोपलेले असताना. फोमबद्दल एक गैरसमज इथेच काढलेला बरा: फोम उष्णता तयार करत नाही. आत गरम काही नसेल तर तो फक्त गोठायला उशीर लावतो.

तिसरा पर्याय यंत्रणा कोरडी करून जाण्याचा. वरच्या भागात पाणी कॅनमध्ये, हात धुवायला मग्गा, आंघोळ होमस्टेमध्ये बादलीनं मिळाली तर मिळाली. इथे वहिनींचं मत निर्णायक ठरलं. त्या म्हणाल्या, “चार दिवस आंघोळ नाही केली तरी चालेल मला. पण रात्री दोनला उठून हीटर चालू आहे का ते बघत बसणार नाही.”

कोरडी करायचं ठरलं, पण कशी? नुसतं पाणी सोडून देणं पुरत नाही, हवेनं फुंकल्यावरही पंपात आणि सापळ्यांत पाणी उरतं, म्हणून शेवटी न गोठणारा द्रव आत फिरवावा लागतो. फॅब्रिकेटर म्हणाला, रेडिएटरचं कूलंट टाका, कोपऱ्यावरच्या स्पेअरच्या दुकानात मिळतं. हा या प्रकरणातला सर्वांत धोक्याचा सल्ला होता. गाडीचं कूलंट बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉलचं असतं, ते चवीला गोडसर आणि पोटात गेलं तर मूत्रपिंडं निकामी करणारं विष आहे. पिण्याच्या पाण्याच्या पाइपात त्याला जागा नाही, नंतर कितीही धुतलं तरी.

उत्तर नाशिकनंच दिलं. दादांच्या युनिटमधून एका रेफ्रिजरेशन तंत्रज्ञाला फिटिंग्ज जातात. तो वायनऱ्यांच्या कूलिंगचं काम करतो. वायनरीतल्या स्टीलच्या टाक्यांभोवती जॅकेट असतं, त्यातून थंड ग्लायकॉल-पाणी फिरवतात. जॅकेटला भोक पडून ते वाइनमध्ये उतरलं तरी विषबाधा होऊ नये म्हणून तिथे फूड ग्रेड प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरतात. दादा चार दिवस ऑनलाइन जे शोधत होते, ते दिंडोरीच्या रस्त्यावर ड्रमनं पडलेलं होतं.

किती दाट करायचं, यावर थोडी चर्चा झाली. ३० टक्के मिश्रण साधारण उणे १३ पर्यंत टिकतं, ४० टक्के उणे २१ च्या आसपास, ५० टक्के उणे ३३ च्या आसपास. काझ्यासाठी ४० पुरेसं वाटेल. पण पाइपात उरलेलं पाणी त्यात मिसळतं. ४ लिटर निम्म्या-निम्म्या मिश्रणात १ लिटर पाणी उरलेलं असेल तर आत ४० टक्केच राहतं. म्हणून ५० घ्यायचं ठरलं, आणि त्यातलं पाणी आरओचं.

प्रत्यक्ष काय केलं

इथून पुढचा प्रश्न जागेचा होता. नाशिकमध्ये कॉम्प्रेसर, हत्यारं, हाताखाली माणूस सगळं होतं. पण इथूनच कोरडं करून निघालं तर इंदूर, आग्रा, चंडीगड एवढ्या लांबच्या रस्त्यावर नळ कोरडे. वर नारकंड्याला करायचं तर हात बधिर होणार, आणि एखादी रात्र आधीच गोठवून जाणार. त्यांनी मधला मार्ग काढला: तालीम अंबडला, खरं काम डोंगर चढण्याआधी पिंजोरला.

तालमीत टाकी, नळ सगळं उघडून पाणी जाऊ दिलं आणि मग हवा लावली. युनिटचा कॉम्प्रेसर ८ बारचा. तेवढा दाब थेट सोडला असता तर पंपाचे सांधे आणि नळांची काडतुसं गेली असती, म्हणून रेग्युलेटर लावून २ बार ठेवला. गाडीच्या चाकात हवा भरायचा छोटा पंप वापरायचा विचारही झाला होता, पण तो दाब देतो, हवेचं आकारमान देत नाही. पाणी पुढे ढकलायला सलग झोत लागतो. टाकीकडच्या नळीला हवेचा पाइप जोडायला दादांनी लेथवर पितळी अडॅप्टर काढला. एकेक नळ स्वतंत्र उघडला, थंड वेगळा, गरम वेगळा. मिक्सर मधोमध ठेवला तर हवा सोप्या बाजूनं निघून जाते आणि दुसरी बाजू भरलेली राहते. “आता टिपूसही नाही,” असं फॅब्रिकेटर म्हणाला, त्यानंतर गिझर खोलून वाकडा केला तर दीडेक लिटर पाणी बादलीत आलं. मग मात्र त्यानं गिझरला वळसा घालणारे तीन कॉक आणि खाली एक ड्रेन स्वतःहून बसवून दिला, मजुरी न घेता.

वहिनींनी तालमीतला प्रत्येक टप्पा क्रमानं वहीत उतरवला. शाळेच्या सवयीनं नीटनेटका, नंबर घालून. ही वहीच पुढे कामाला आली, आणि तिच्यातच एक भोक राहिलं. त्या दिवशी मागच्या दाराच्या शॉवरची नळी बदलायला काढलेली होती. त्या जागी बूच मारलेलं होतं. जे बसवलेलंच नव्हतं, ते यादीत आलं नाही.

पिंजोरला टायरच्या दुकानात मोठा कॉम्प्रेसर मिळाला. काम वहीबरहुकूम झालं. गिझरचा फ्यूज काढून खिशात ठेवला, कारण कोरडा गिझर चुकून चालू झाला तर कॉइल जळते. फिल्टरचं काडतूस काढलं, भांडं पुसून उलटं ठेवलं. पाइप फुंकले. मग पंपाची ओढनळी ग्लायकॉलच्या कॅनमध्ये टाकून एकेक नळ चालवला. रंगावर विश्वास ठेवण्याऐवजी त्यांनी तंत्रज्ञाकडून आणलेला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे एका थेंबावरून मिश्रण किती दाट आहे ते दाखवणारं यंत्र, वापरला: नळातून येणारा थेंब आणि कॅनमधला थेंब यांचं वाचन सारखं होईपर्यंत नळ चालू ठेवायचा. (नाशिकला तो बघून वहिनींचे वडील म्हणाले होते, “हे तर आमचं ब्रिक्स मीटर!” द्राक्षातली साखर मोजायचं यंत्र तेच, आतली पट्टी वेगळी.) सापळ्यांत एकेक पेला ग्लायकॉल ओतलं. सगळे नळ अर्धे उघडे ठेवले. खालच्या टाकीचा कॉक उघडा सोडला आणि सिंकखाली डबा ठेवला, कारण घाटात रस्त्यावर सांडलेलं पाणी रात्रीत काच होतं आणि मागून येणाऱ्याची गाडी त्यावरून घसरते.

वरचं पाणी २० लिटरच्या दोन कॅनमध्ये, पुढच्या सीटमागे, गळ्यापर्यंत न भरता. बाटल्या रात्री उलट्या ठेवायच्या, ही युक्ती नाकोच्या होमस्टेवाल्यांनी शिकवली: बर्फ वरून धरतो, त्यामुळे सकाळी बाटली सरळ केली की झाकणाकडची बाजू मोकळी असते.

परिणाम

काझ्यात हीटरनं दुसऱ्याच पहाटे हात टेकले. पांढरा धूर, दोनदा प्रयत्न, मग एरर कोड. बॅटरीनं चार्ज घेणं बंद केलेलं. आतल्या खिडक्यांवर श्वासाचा बर्फ. दोघं उठून होमस्टेच्या तंदूर (खोली गरम ठेवणारी शेगडी) असलेल्या खोलीत गेले आणि दुपारपर्यंत तिथेच बसले. यंत्रणा भरलेली असती तर त्या पहाटे पाइप, पंप, गिझर सगळं एकदम गेलं असतं. उलट त्यांना हीटर निवांतपणे उघडून काजळी साफ करता आली, बॅटरी घरात नेऊन गरम करता आली. हा निर्णय बरोबर होता, याबद्दल दादांनाही आता शंका नाही.

काझ्यात हिवाळ्यात गावातले नळही बंद असतात, पाणी भरून आणावं लागतं. त्यामुळे ९० लिटरची टाकी भरलेली नेली असती तरी पुन्हा भरायला कुणाकडे मागणं त्यांना बरं वाटलं नसतं. दोन कॅन पुरले.

परत येताना चंडीगडला टाकी भरली, ग्लायकॉल धुऊन काढलं. फेस जाईपर्यंत आणि रिफ्रॅक्टोमीटर शून्यावर येईपर्यंत पाणी सोडलं, मग क्लोरीनचं द्रावण घालून रात्रभर ठेवलं. रात्री सगळे नळ बंद असताना पंप मध्येच घरघरला. थांबला. दहा मिनिटांनी पुन्हा. नळ बंद असताना पंप स्वतःहून चालू होतो याचा अर्थ दाब कुठेतरी निसटतो आहे. सकाळी मागच्या दाराजवळचं प्लायवूड ओलं लागलं. बाहेरच्या शॉवरकडे जाणाऱ्या फाट्यातला सीपीव्हीसीचा एल्बो उभा तडकला होता, आणि हँडशॉवर बटणापाशी फुटला होता. यादीत नसलेली एकुलती एक जागा, तीच फुटली. टी-जवळ फाटा कापून बूच मारलं आणि तसेच नाशिकला आले. खर्च किरकोळ होता. प्लायवूडची एक पट्टी मात्र फुगली, ती बदलावी लागली.

पुन्हा करायचं तर

सर्वांत आधी यादी. ती तालमीतल्या कृतीवरून केली गेली. करायला हवी होती पाइपाच्या नकाशावरून. टाकीपासून निघून प्रत्येक फाटा बोटानं शेवटपर्यंत गाठायचा, टोकाला नळ असो, बूच असो की काहीच नसो. बूच मारलेली फांदी ही उलट जास्त धोक्याची, कारण तिथून हवा जात नाही आणि ग्लायकॉलही पोचत नाही. आता ओट्याच्या कपाटाच्या दाराला आतून असा नकाशा चिकटवलेला आहे.

दुसरी गोष्ट रचनेची, आणि ती फॅब्रिकेटरनं गाडी बांधतानाच केली असती तर यातलं निम्मं काम वाचलं असतं: पाइपला सलग थोडा उतार, सर्वांत खाली एक कॉक, बाहेरच्या शॉवरच्या फाट्याला आतल्या बाजूनं स्वतंत्र कॉक, आणि सीपीव्हीसीऐवजी पेक्स. त्यानं दादांच्या गाडीत मागचा फाटा पेक्सचा करून दिला आहे. पूर्ण गाडीची पाइपलाइन बदलणं परवडणारं नव्हतं आणि, माझ्या मते, गरजेचंही नाही. कोरडा पाइप कशाचाही असला तरी फुटत नाही.

पिंजोरचा मुक्काम मात्र मी बदलेन. काम संध्याकाळी सुरू झालं, टायरवाल्याला दुकान बंद करायची घाई होती, दादा थकलेले होते. वही हातात असल्यामुळे कुणी वहीच्या बाहेर बघितलं नाही. सकाळच्या उजेडात, दुसऱ्या दिवशीची सिमल्याची चढण अर्धा दिवस पुढे ढकलून केलं असतं, तर मागचं दार उघडल्यावर नवी चमकणारी नळी कुणाच्या तरी डोळ्यांत भरली असती.

एका मुद्द्यावर घरात अजून एकमत नाही. दादांना पुढच्या वर्षी खालची टाकी आत घेऊन, उंचीवर चालणारा हीटर बसवून भरलेल्या यंत्रणेसह जायचं आहे. त्यासाठी त्यांनी बॅटरीच्या पेटीला गरम पट्टी लावून दिंडोरीतल्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये ती तपासायची व्यवस्थाही केली आहे. वहिनींचं म्हणणं, तपासा खुशाल, पण ग्लायकॉलचा कॅन आणि पितळी अडॅप्टर गाडीतून उतरवायचे नाहीत. सध्या दोन्ही वस्तू ड्रायव्हरच्या सीटखाली आहेत.